ओवीला कोपर्निकसची साक्ष कशाला?

ताई,
मी कोल्हापूरला एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. माझे वडील, अण्णा, माळकरी आहेत आणि पंचक्रोशीत प्रवचनं करतात. यंदाच्या सप्त्यात त्यांनी सांगितलं, "सूर्य चालत नाही हे माउलींनी कोपर्निकसच्या अडीचशे वर्षं आधी ज्ञानेश्वरीत लिहून ठेवलंय. विज्ञान आत्ता कुठं तिथवर पोचतंय." मंडपात टाळ्या पडल्या. माझं डोकं फिरलं. बायकांमध्ये बसले होते, तिथूनच उठून म्हणाले, "अण्णा, त्यानं काहीच सिद्ध होत नाही." त्यांनी प्रवचन कसंबसं आवरलं. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. आई म्हणते, पाया पड आणि विषय संपव. चुलतभाऊ घरच्या ग्रुपवर रोज 'वेदांत सगळं आधीच होतं' असलं काहीतरी टाकतो.
दुसरी गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. विश्वाची उत्पत्ती शिकायला लागल्यापासून हरिपाठ म्हणताना माझ्या आत काही हलत नाही. आषाढीला दरवर्षी अण्णांच्या दिंडीबरोबर थोडी वाट चालते. यंदा चालले तर ते ढोंग होईल का? विज्ञान आणि हे सगळं, यातलं एक सोडावंच लागतं का?
— फिजिक्सची मुलगी, सातारा जिल्हा

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि तू ते एकमेकांत गुंतवून घेतलेत. अण्णांशी झालेला वाद वेगळा, तुझ्या मनातला हरिपाठ वेगळा. आधी वादाचं बघू, कारण घरातला अबोला फार दिवस ठेवू नये.

तू जे म्हणालीस ते बरोबर होतं. जिथं म्हणालीस ती जागा चुकली. सारं गाव समोर बसलेलं असताना पोटच्या पोरीनं उठून प्रवचन खोडून काढलं, हे कुठल्याही बापाला लागेल. तेव्हा माफी माग, पण कशाची मागतेस ते स्पष्ट सांगून माग. "चारचौघांत बोलले ते चुकलं, घरी येऊन बोलायला हवं होतं," एवढंच. "मी म्हणाले ते खोटं होतं," असं मात्र म्हणू नकोस. आईला घरात शांतता हवी आहे, त्यात तिचं काही चुकत नाही. पण न पटलेलं पटलं म्हणून मिटवलेला वाद पुढच्या सप्त्याला पुन्हा उभा राहतो, आणि तेव्हा तू आजच्या दुप्पट चिडलेली असशील.

माफी मागून झाली की अण्णांना म्हण, "चौथा अध्याय काढा आणि ती ओवी मला समजावून सांगा." हे त्यांची समजूत काढण्यासाठी सुचवत नाही. तुला त्याची खरंच गरज आहे. मंडपात तू अण्णांच्या टिप्पणीला उत्तर दिलंस. ती ओवी तू स्वतः वाचली आहेस का, हे तुझ्या पत्रात कुठंच आलेलं नाही. ओवी अशी आहे:

आणि उदोअस्ताचेनि प्रमाणें । जैसें न चलतां सूर्याचें चालणें ।
तैसें नैष्कर्म्यत्व जाणे । कर्मींचि असतां ॥

चौथ्या अध्यायातली ही नव्व्याण्णवावी ओवी. वर गीतेचा श्लोक आहे 'कर्मण्यकर्म यः पश्येत्', आणि कर्मात राहूनही कर्तेपणा न शिवलेला माणूस ओळखायचा कसा, हे माउली सांगताहेत. उदय-अस्तामुळे सूर्य चालताना दिसतो, पण चालत नसतो. तसा हा माणूस सगळी कामं करताना दिसतो आणि आत अकर्ता असतो. ओवी त्या माणसाबद्दल आहे, सूर्य दृष्टान्तापुरता आलाय. आणि तो एकटा आलेला नाही. जरा मागं सरकून शहाण्णवावी ओवी बघ. पाण्याच्या काठी उभा राहून स्वतःला पाण्यात बघणारा माणूस तिथं आहे, आणि आपण त्या प्रतिबिंबाहून वेगळे आहोत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. लगेच पुढं 'अथवा नावे हन जो रिगे । तो थडियेचे रुख जातां देखे वेगें'. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं वेगानं पळताना दिसतात, नीट बघायला गेलं की तोच म्हणतो, झाडं अचल आहेत. मग आपली सूर्याची ओवी. आणि शंभराव्या ओवीत पाण्यात दिसणारं, पण पाण्यात न बुडणारं सूर्यबिंब. इतक्या थोड्या ओव्यांत इतके दृष्टान्त, आणि सगळ्यांचं बोट एकाच गोष्टीकडं: डोळ्यांना दिसतं ते आणि असतं ते, यांत अंतर पडू शकतं.

तुला काय वाटतं मला माहीत नाही, पण मला हे 'कोपर्निकसच्या आधी'पेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

आता नावेच्या ओवीवर अजून थोडं थांब. तंतोतंत हाच दाखला आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये दिला होता. नावेतून पुढं जाणाऱ्याला स्थिर वस्तू मागं जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडं जाताना दिसतात, असं तो म्हणतो. म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते हा विचार आपल्याकडं ज्ञानेश्वरीच्या जवळजवळ आठशे वर्षं आधी मांडला गेला होता. अण्णांचा अभिमान अगदीच हवेत नाही, हे तू मोकळ्या मनानं मान्य कर आणि त्यांना सांग. पण त्याच्या पुढचा भागही सांग, कारण तो 'आधीच होतं' म्हणणारे कधीच सांगत नाहीत. आर्यभटाच्या या म्हणण्यावर आपल्याच ज्योतिर्विदांनी कडाडून हरकत घेतली. वराहमिहिरानं सहाव्या शतकात विचारलं: पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले ससाणे आपल्या घरट्यात परत कसे येतात? पुढं ब्रह्मगुप्तानंही आर्यभटावर टीका केली. ससाण्यांचा प्रश्न मूर्खपणाचा मुळीच नव्हता. पृथ्वीबरोबर हवेलाही आणि पक्ष्यालाही तीच गती असते, हे नीट उलगडायला गॅलिलिओपर्यंत वाट बघावी लागली. आपली परंपरा म्हणून मिरवायचंच असेल, तर त्या परंपरेत वराहमिहिराचा प्रश्नही घ्यावा लागेल.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारं कोपर्निकसचं पुस्तक १५४३ साली आलं, पण पृथ्वी हलते याचा हातात धरता येईल असा पुरावा त्याच्याकडंही नव्हता. तो हळूहळू जमत गेला: १७२८ मध्ये ब्रॅडलीला ताऱ्यांच्या जागेत वर्षभरात पडणारा बारीक फरक सापडला, १८३८ मध्ये बेसलनं एका ताऱ्याचा पराशय, म्हणजे पृथ्वीची जागा बदलल्यामुळं तो तारा जेवढा सरकलेला दिसतो तो कोन, मोजला, आणि १८५१ मध्ये फूकोनं पॅरिसमध्ये लांब तारेला जड गोळा टांगून पृथ्वीचं फिरणं लोकांना उभ्या उभ्या दाखवलं. तसा लंबक पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे. पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा तासाला जेमतेम पाच अंश सरकते, पूर्ण फेरीला पंचाहत्तर तासांच्या आसपास लागतात. हे गणित तुला येतं. अण्णांना ते कागदावर करून दाखव. प्रवचनकाराला दृष्टान्ताची भूक असते, आणि हा दृष्टान्त स्वतः हलून दाखवतो.

पण माझा खरा मुद्दा पुढं आहे, आणि अण्णांशी बोलताना तो तू जपून, प्रेमानं मांडायला हवास. सूर्य चालतो. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती तो सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं जातो आहे, आपल्या सगळ्यांना बरोबर घेऊन, आणि एका फेरीला त्याला वीस कोटींहून जास्त वर्षं लागतात. विसाव्या शतकात हे कळलं. मग 'न चलतां सूर्याचें चालणें' हे खगोलशास्त्रातलं विधान म्हणून मांडलं तर आज ते चूक ठरतं. माउली चुकले म्हणायचं का? मुळीच नाही, कारण त्यांनी खगोलशास्त्र सांगितलंच नव्हतं. पण ज्यांनी ती ओवी कोपर्निकसच्या गळ्यात बांधली त्यांना आता काय उत्तर देता येईल? विज्ञानाचं आजचं मत उद्या सुधारतं, सुधारणं हाच त्याचा धर्म आहे. त्याला ओवी बांधली की त्याच्याबरोबर ओवीही डळमळते. ज्ञानेश्वरीवर जीव असणाऱ्या माणसानं तर ही गाठ कधीच मारू नये.

हे ओळखलेला एक माणूस होता आणि तो स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र. विश्व प्रसरण पावतंय हे त्यानं १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढून दाखवलं. त्या वेळी आइन्स्टाइन त्याला म्हणाला, गणित बरोबर आहे पण भौतिकी भयंकर आहे. पुढं सगळं विश्व एका अतिघन अवस्थेतून सुरू झालं ही कल्पनाही त्यानंच मांडली, आपण जिला महास्फोट म्हणतो तिचं मूळ तिथं आहे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात सुचवलं की विज्ञानानं आता सृष्टीच्या निर्मितीची साक्ष दिली आहे. लमेत्रला आनंद व्हायला हवा होता, नाही? तो अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही, तो मोजमापांवर उभा राहील किंवा पडेल, असं त्याचं म्हणणं होतं. व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या प्रमुखांसह त्यानं ते पोपच्या कानावर घातलं, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. लमेत्र शेवटपर्यंत धर्मगुरूच राहिला. रोजची प्रार्थना त्याला समीकरणांतून सिद्ध करून घ्यावी लागली नाही.

अण्णांना लमेत्र परका वाटेल. मग त्यांना नाथमहाराजांची आठवण दे, ती त्यांच्या अगदी जवळची आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरलेले बघून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. विचार कर, ज्या ग्रंथापुढं डोकं ठेवायचं त्याच्या प्रती समोरासमोर ठेवून कुठली ओळ मूळची आणि कुठली घुसडलेली हे तपासायचं. ही भक्ती आहे आणि ही चिकित्साही आहे, आणि एकाच माणसानं एकाच वेळी केली आहे. त्यानंतर त्यांनी बजावून ठेवलं:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

स्वतःची ओवी घालणं ही अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, असेल, तर ओवीत नसलेला अर्थ घालणं काय आहे? हा प्रश्न अण्णांना तू विचार, आणि विचारून गप्प बस. उत्तर त्यांना शोधू दे. अण्णांइतकी वर्षं ज्ञानेश्वरी वाचलेल्या माणसावर मी विश्वास टाकेन.

आता थोडं तुझ्याबद्दल. तू लिहितेस की तुझं डोकं फिरलं. डोकं फिरण्यात विज्ञान नसतं, आणि नास्तिकालाही स्वतःच्या आवडीनिवडी असतात. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल नास्तिक होते. त्यांना महास्फोट आवडत नव्हता, विश्वाला सुरुवात होती या कल्पनेला धर्मग्रंथांतल्या उत्पत्तिकथेचा वास येतो ही त्यांची उघड तक्रार होती. त्यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम असंच आहे. आपले कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर त्यांचेच विद्यार्थी आणि सहकारी. मग १९६४ मध्ये न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात सगळ्या दिशांनी एकसारखी खरखर येऊ लागली. त्यांनी आत बसणारी कबुतरं हाकलली, विष्ठा धुऊन काढली, तरी ती थांबेना. निरपेक्ष शून्याच्या जेमतेम तीन अंश वर असलेलं ते प्रारण म्हणजे विश्वाच्या तापलेल्या बालपणाची उरलेली ऊब आहे, असा अर्थ लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडं गेले. धर्मगुरूचं म्हणणं टिकलं, नास्तिकाचं मागं पडलं. निकाल मात्र अँटेनानं दिला, श्रद्धेनं किंवा अश्रद्धेनं नाही. नारळीकर त्यानंतरही पर्यायी मांडणी करत राहिले. बहुसंख्य त्यांच्या विरुद्ध होते, पण त्यांनी वाद घातला तो निरीक्षणांवर बोट ठेवून, आकडे मांडून. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. संशय घ्यायचा तर तो जगभरच्या सहकाऱ्यांपुढं, नीट कागदावर कसा घ्यायचा, हे त्यांच्याकडून शिकावं.

म्हणून तुला एक अभ्यास देते. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आहे, हे अण्णांना मराठीत समजावून सांग. पुस्तकात लिहिलंय, सर म्हणाले, असं चालणार नाही. कशावरून कळलं, काय मोजलं, चूक किती असू शकते, ते सांग. अडखळलीस तर तुझं ज्ञानही अजून ऐकीव आहे असं समज आणि पुन्हा वाच. 'कशावरून' हा प्रश्न अण्णांना विचारायचा हक्क मग तुला पुरता मिळेल.

चुलतभावाच्या रोजच्या फॉरवर्डना उत्तर देत बसू नकोस. ग्रुपवर कुणाचं मत बदलत नाही. मात्र घरात कुणाचं लग्न पत्रिकेवर अडलं, आजारपणात दवाखान्याऐवजी कुणी बाबाकडं धावलं, गरोदर बाईला ग्रहणात उपाशी कोंडून ठेवलं, तर गप्प राहू नकोस. तिथं धर्म जगाबद्दल दावा करतो आणि दावा तपासता येतो. २००८ मध्ये नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवून जेवढी येतील त्याहूनही थोडी कमी. हे सांगताना आवाज चढवावा लागत नाही. आणि अण्णांकडूनच तुला साथ मिळेल, कारण 'नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती' हे तुकोबांचं बोलणं त्यांनी व्यासपीठावरून नक्की सांगितलेलं असणार.

राहिला तुझा आतला प्रश्न. विज्ञान आणि धर्म म्हणजे सत्याकडं जाणाऱ्या सारख्याच दोन वाटा, असं गोड उत्तर मी तुला देणार नाही, कारण मला ते पटत नाही. विश्व कसं झालं, किती जुनं आहे, तारे कशाचे बनलेत, या प्रश्नांवर शोध घ्यायची रीत विज्ञानाकडं आहे आणि तीच चालते. तिथं कुठल्याही ग्रंथाला मोजमापाच्या वर बसवता येत नाही. पण दिंडीत चालणारी बाई विश्वाच्या उत्पत्तीबद्दल विधान करत नसते. ती शेजारणीचं ओझं घेते, पावसात थांबते, परक्या माणसाच्या पाया पडते आणि त्यानं उलट पाया पडलेलं स्वीकारते, घसा बसेपर्यंत अभंग म्हणते. यातलं काय तुला आजही आपलं वाटतं? तेवढं कर. चालायला आवडत असेल तर चाल, अण्णांबरोबर चाल, ते ढोंग नाही. हरिपाठात काही हलत नसेल तर हलतंय असं दाखवू नकोस. टाळ धर, ऐक, किंवा बाजूला बस. कुणी विचारलं, "देव मानतेस का?" तर जे असेल ते सांग, आणि "अजून ठरलं नाही" हेही उत्तर आहे. पुढं कधी हलेल, कधी हलणार नाही. न हललं म्हणून तू अण्णांची मुलगी कमी होत नाहीस. तुझ्यासारख्या कितीतरी मुली हे एकट्यानं मनात ठेवून कुढतात, याचं मला वाईट वाटतं. निदान एका मैत्रिणीशी तरी बोल.

आणि एक बेत सुचवते. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली करतात, आजूबाजूच्या शाळांची पोरं प्रयोग मांडून बसलेली असतात. तारीख-वेळ आधी पक्की करून अण्णांना घेऊन जा. जाताना आळंदीला समाधीचं दर्शन होईल, आणि खोडदहून पुढं आळ्याला, माउलींनी ज्याच्या तोंडून वेद वदवले असं सांगतात त्या रेड्याची समाधी आहे, अण्णांना ती ठाऊक असेलच. तिथं थांबा. अण्णा गोष्ट सांगायला लागले तर पुरती ऐक. खरं असेल का असं त्यांनी विचारलं, तर रेडा बोलू शकत नाही हे साधेपणानं सांग, आणि पैठणच्या ब्रह्मवृंदानं त्या चार भावंडांना काय वागवलं, तो भाग त्यांना पुन्हा सांगायला लाव. खोडदला मात्र तू बोल. हायड्रोजनच्या अणूतून २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी कशा निघतात आणि त्या जाळीच्या तबकडीत कशा टिपल्या जातात, ते अण्णांना कळेल अशा भाषेत सांग. त्यांनी मध्ये थांबवून "कशावरून?" विचारलं तर चिडू नकोस, उत्तर दे.